तीन नारळ आणि एक भिंत

उज्जैनच्या देवास गेटजवळच्या रंगाच्या दुकानदारानं मला शेड कार्ड दिलं आणि सांगितलं, "बहनजी, घर ले जाइए, आराम से देखिए." आराम कसला! नानाखेड्याला परत येताना ई-रिक्षात बसल्याबसल्याच मी ते उघडलं. एकेका पानावर आठ-आठ रंग आणि नुसत्या पांढऱ्याचीच चार पानं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना मी विचारलंसुद्धा, हॉलला पिस्ता कसा दिसेल म्हणून. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "पिस्ता मत लेना, मैला जल्दी दिखेगा. बादामी लो." मी म्हटलं, बादामी तर सगळ्यांकडेच असतो. उतरेपर्यंत आमचं चांगलंच वाजलं होतं.

अकरा वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते. घर घेतलं तेव्हा बिल्डरनं जो पांढरा मारून दिला होता, तोच अजून भिंतींवर होता. पांढरा म्हणायचा आपला. आधी घराचे हप्ते, मग मुलाचं कॉलेज, आणि रंग दरवर्षी पुढच्या दिवाळीवर जायचा. गेल्या उन्हाळ्यात मुलगा नोकरीला लागून बाहेरगावी गेला आणि या माघात एका सकाळी नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "रंगाचं आता करूनच टाक. कोटेशनपासून कलरपर्यंत सगळं तूच बघ. मी एक शब्द बोलणार नाही." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण या माणसानं मला इतकं मोकळं रान कधी दिलं नव्हतं. त्याचा विचार बदलायच्या आत मी दुकान गाठलं.

पण माझी घाई खरी कशासाठी होती, ते सांगते. आईसाठी होती.

वडील गेल्यावर आई चार वर्षं जळगावला एकटी राहिली. मग अंगणात पडली, मनगट मोडलं, आणि मी जाऊन तिला उज्जैनला घेऊन आले. मुलाची खोली तिला दिली. त्याला आठ महिने झाले होते, आणि आठ महिने ती माझ्याकडे पाहुण्यासारखी राहत होती. "पंखा लावू का गं?" "फ्रिज उघडू का, ताक घ्यायचं होतं." स्वतःच्या मुलीचा फ्रिज उघडायला ती परवानगी मागायची! जावईबापू हॉलमध्ये बसलेले असले तर ती टीव्हीसमोरून जायची नाही, मागच्या दारानं फिरून स्वयंपाकघरात यायची. फोनवर बहिणीशी बोलताना नेहमी "हिच्या घरी", माझ्याशी बोलताना "तुमच्या घरी". मी चिडायचे, समजावायचे, पुन्हा चिडायचे. माझा स्वभाव तापटच आहे आणि तो मी तिच्याकडूनच घेतलाय. पण तिचा मात्र इथे आल्यापासून कुठे हरवला होता कुणास ठाऊक.

मी मनात धरून चालले होते की तिनं तिच्या खोलीचा रंग निवडला की ती एकदा तरी "माझी खोली" म्हणेल. शेड कार्ड घेऊन मी आधी तिच्याकडेच गेले.

"सांग, कुठला हवा?"

तिनं पदरानं हात पुसून कार्ड बघितलं. एका हिरव्यावर तिचं बोट क्षणभर थांबलेलं मी पाहिलं. मग कार्ड मिटून माझ्या हातात दिलं. "तुम्हाला आवडेल तो द्या. मला काय, मी पाहुणी."

मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

सिंहस्थ जवळ येत चाललंय, त्यामुळे सध्या उज्जैनात रंगारी मिळणं म्हणजे दिव्य आहे. रामघाटापासून बायपासपर्यंत जिकडेतिकडे पुताई, म्हणजे रंगरंगोटी, चालू आहे, जो तो सरकारी कामावर. मी अकरा जणांना फोन केले. आठ जणांनी मेच्या पुढचं सांगितलं, आणि तिघं त्याच आठवड्यात बघायला यायला तयार झाले. तिघं! मी ऑफिसात पेढे वाटायच्या बेताला आले होते.

इथे आमच्या घरातल्या नारळांबद्दल सांगायला हवं. उज्जैनात घर असलं की नातेवाइकांना दर्शनाला यायला घर झालं. पुण्याचे, नाशिकचे, सासरचे, माहेरचे, नवऱ्याच्या साहेबांच्या मेव्हण्यांचे, सगळे येतात, पहाटे उठून महाकालाला जातात आणि परत जाताना प्रसादाचे नारळ आमच्याकडे ठेवून जातात, कारण बॅगेत जागा नसते. टाकता येत नाहीत, सगळे खाता येत नाहीत. त्या आठवड्यात पलंगाखाली चौदा नारळ होते. आईला ते बघवेना. देवाचा नारळ असा घरंगळत पडलेला बरा दिसत नाही, म्हणून तिनं आलेल्या-गेलेल्याला द्यायला सुरुवात केली. गॅसवाल्याला दिला. बिलाच्या रीडिंगवाल्याला दिला. देताना आधी कुंकू लावायचं, मग नारळ, वर एक रुपया. जळगावला ती असंच करायची. इथे आल्यापासून तिनं न विचारता केलेलं हे पहिलंच काम, म्हणून मी मुद्दाम काही बोलले नाही. आणि पलंगाखालची जागाही रिकामी होत होती.

पहिला ठेकेदार आला तो टॅब घेऊन. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. भिंतीवर लाल ठिपका पाडणाऱ्या यंत्रानं त्यानं दहा मिनिटांत सगळं घर मोजलं आणि आमच्या हॉलचा फोटो काढून त्यात तिथल्या तिथे पिस्ता भरून दाखवला. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मग वांगी भरून दाखव, निळा भरून दाखव, असं करत मी त्याचा पाऊण तास खाल्ला. तो जायला निघाला तेव्हा मी फोनवर होते. खिडकीतून पाहिलं तर आई व्हरांड्यात त्याला कुंकू लावत होती. तेवढाच एक नारळ कमी झाला, एवढंच माझ्या मनात आलं.

दुसरा जुन्या शहरातला, साठीच्या पुढचा, स्कूटरवरून आला. ना टॅब, ना टेप. तो भिंतींवरून तळहात फिरवत चालला, मध्येच बोटाच्या पेरानं ठोकून कान द्यायचा. मी उत्साहानं शेड कार्ड पुढे केलं तर म्हणाला, "दीदी, रंग तो सब अच्छे हैं, पहले दीवार देखने दो." मला ते जरा लागलंच. आईच्या खोलीत तो बराच वेळ होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा आई पलंगाशी उभी होती आणि तो दाराकडे वळत होता. बाकी घराचा दर त्यानं कागदावर लिहून दिला, पण त्या खोलीपुढे जागा कोरी. "इस कमरे की बात अलग है. बाद में बताऊँगा." मला वाटलं, झालं, आता हा मागून काहीतरी वाढवणार. त्यालाही जाताना नारळ मिळाला.

तिसरा शेजाऱ्यांनी पाठवलेला, बोलण्यात असा की समोरच्याला श्वास घेऊ देणार नाही. "भाभीजी, आप टेंशन मत लो. आठ दिन में पूरा घर चमका दूँगा, मेहमान रास्ता भूल जाएँगे." दर सगळ्यांत कमी. भिंतींकडे त्यानं दारातूनच नजर टाकली, पण त्याच्या बोलण्यानं मला इतकं छान वाटत होतं की ते मनावर घेतलं नाही. त्यालाही कुंकू, नारळ, रुपया.

शनिवारी मी तिन्ही कोटेशन टेबलावर मांडून बसले. पुट्टीचे किती हात, प्रायमर कुठला, फर्निचर कोण हलवणार, सगळं वहीत लिहिलं. खरं सांगायचं तर माझा कल तिसऱ्याकडे होता. आठ दिवस! होळीच्या आत घर झालं असतं. दुसऱ्याचा कागद मी बाजूला काढूनही ठेवला होता. नवऱ्याला विचारलं तर त्यानं ओठांवर बोट ठेवून आपला शब्द पाळला. सोमवारी फोन करून एकाला हो म्हणायचं असं ठरवून मी आनंदात झोपले.

रविवारी सकाळी साडेआठला मी नाश्त्याचे पोहे भिजवले आणि तेवढ्यात फाटक वाजलं. बघते तर तिसरा ठेकेदार, शिडी आणि चार माणसं. "लो भाभीजी, आ गए!" मी तोंड उघडणार इतक्यात छोटा टेम्पो येऊन उभा राहिला आणि त्यातून ओळखपत्रवाला उतरला, मागे प्लास्टिकचे रोल आणि डबे. पाच मिनिटांत स्कूटर आली. त्याच्यामागे सायकलवर दोन कारागीर. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मैंने तो किसी को हाँ नहीं कहा!" मी म्हणाले.

तिसऱ्यानं पिशवीतून नारळ काढून दाखवला. "भाभीजी, माताजी ने टीका लगाया, नारियल दिया, ऊपर से रुपया. अब और क्या स्टाम्प पेपर चाहिए?"

ओळखपत्रवाल्यानं टॅब पुढे केला. "मैडम, मैंने तो ऐप में उसी दिन कन्फर्म डाल दिया था."

म्हाताऱ्यानं नुसतं स्कूटरकडे बोट केलं. त्याचा नारळ स्कूटरच्या हुकाला लाल कापडात बांधून लटकवलेला होता.

आता नवऱ्यानं मौन सोडलं. "अगं, इकडे घरातल्या मोठ्या माणसानं कारीगराला नारळ-रुपया दिला की काम पक्कं. तुला माहीत नाही का?"

माहीत होतं! तेच तर. याच घराची फरशी बसवायच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी मिस्त्रीला असाच नारळ दिला होता आणि कुंकवाचं ताट मी धरलं होतं. सत्तावीस वर्षं उज्जैनात काढून मला ते आठवलं नाही, कारण मला फक्त पलंगाखालचा ढीग दिसत होता. चूक माझी होती. पण फाटकाबाहेर शेजारी जमायला लागले होते, तिघं ठेकेदार एकदम बोलत होते, आणि मी वळून व्हरांड्यात उभ्या असलेल्या आईवर ओरडले.

"कुणी सांगितलं होतं तुला सगळ्यांना वाटत सुटायला? विचारायचं तरी!"

बोलले आणि जीभ चावली. आठ महिने मी तिला विचारू नकोस, विचारू नकोस म्हणून सांगत होते.

आईचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमच्या घरात मी मध्ये पडायला नको होतं." आणि ती आत निघून गेली.

मला तिथल्या तिथे जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. तिसरा अजून बोलतच होता. तेव्हा म्हातारा पहिल्यांदा पुढे आला. "दीदी, नारियल माताजी के हाथ का है. बात भी उन्हीं से होगी. उनको बुला लाइए."

मी आईच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसली होती, पाठ दाराकडे. आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की पलंग भिंतीपासून हातभर अलीकडे ओढलेला आहे. डोक्याकडच्या भिंतीवर तिनं जुनी चादर खिळ्यांना बांधून टाकली होती. मला वाटायचं, थंडीसाठी. मी चादर बाजूला केली. खाली कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंत काळपट ओली होती. पोपडे सुटले होते, हात लावला तर ओला चुना बोटांना आला.

"हे कधीपासून?"

"आले तेव्हापासूनच आहे. पावसाळ्यात वाढलं."

"आणि तू बोलली नाहीस? इथे झोपत होतीस?"

"तुमच्या घराला मी कशी नावं ठेवू गं?" ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं बरोबर शोधून काढलं. मीच त्याला म्हटलं, बेटी को मत बताना."

मला रडू आलं, आणि मी रडले. हॉलला पिस्ता की बादामी म्हणून मी अनोळखी बाईशी भांडले होते, आणि माझी आई आठ महिने ओल्या भिंतीशी झोपत होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

"आई, नारळाचं मला माहीत होतं. चूक तुझी नाही. माझी आहे."

तिनं माझे डोळे पदरानं पुसले, जरा जोरातच, लहानपणी पुसायची तसे.

"आता बाहेर चल," मी म्हणाले. "शब्द तू दिलायस. कुणाला ठेवायचं ते तूच ठरव."

"मी?"

"तूच. मी एक शब्द बोलणार नाही."

मग ती उठली, आरशात बघून कुंकू नीट केलं, पदर खांद्यावरून घेतला आणि बाहेर आली. ती व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिली तसे तिघंही गप्प झाले. तिचं हिंदी मोडकंतोडकं, पण आवाज मला ओळखीचा वाटला. गल्लीतल्या मुलांना एका हाकेत घरी पिटाळणारा आवाज होता तो.

"देखो भाई. नारियल मैंने तीनों को दिया. इधर उसका ऐसा मतलब होता है, मेरे को मालूम नहीं था. गलती मेरी. पर देव का नारियल है, मैं वापस नहीं लूँगी. घर जाके बर्फी बनाओ. अब एक बात बताओ. हमारे घर में सबसे खराब दीवार कौन सी है?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. तिचं ते "हमारे घर" त्यानंही ऐकलं होतं.

ओळखपत्रवाला टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "अम्माजी, बाहर की पश्चिम वाली. उस पर धूप बहुत आती है." तिसरा म्हणाला, "माताजी, खराब तो कोई नहीं, सब फर्स्ट क्लास हैं, मैं हूँ ना." म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

"तुम बोलो," आई त्याला म्हणाली.

"माताजी, आपको ज़बान दी थी, नहीं बताऊँगा."

"अब मैं ही बोलती हूँ ना, बताओ."

मग त्यानं सांगितलं. त्या भिंतीमागे बाथरूमचा पाइप झिरपतोय. आधी प्लंबर, मग भिंत खरवडून पंधरा-वीस दिवस सुकू द्यायची, मग पुट्टी. रंग सगळ्यांत शेवटी. तोपर्यंत माताजींना तिथे झोपवू नका. आणि प्लंबर काय घेईल ते कळल्याशिवाय खोटा आकडा लिहायला हात धजला नाही, म्हणून जागा कोरी सोडली होती.

"होळीच्या आत होणार नाही म्हणजे," मी पुटपुटले.

"नाही झालं तर नाही झालं," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "काम ये करेगा," तिनं म्हाताऱ्याकडे बोट केलं. मग तिसऱ्याकडे वळली. "तुम लोहे का काम करते हो?"

"करता हूँ माताजी, क्यों नहीं करता!"

"तो ये फाटक और खिड़की की जाली तुम रंगो. बात कम करके." त्याची माणसंच आधी हसली. मग तो हसला आणि शिडी उतरवू लागला.

ओळखपत्रवाला बिचारा उभाच होता. "अम्माजी, ऐप में कैंसल का कारण डालना पड़ेगा."

"कारण में 'माताजी' लिख दो," नवरा म्हणाला.

त्यानं खरंच काहीतरी टाइप केलं, आईला वाकून नमस्कार केला आणि टेम्पोत बसला. नारळ तो मांडीवर घेऊन गेला.

मी अजून तिथेच उभी होते. फाटकाचा रंग, खिडक्यांच्या जाळ्या, ठेकेदार, सगळं परस्पर ठरलं होतं आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. इतका आनंद मला शेड कार्ड हातात आलं तेव्हाही झाला नव्हता. आई मागे वळली.

"बघत काय उभी राहिलीस? माणसं आलीयत, चहा टाक. आणि ते पोहे भिजवून ठेवलेस, त्यांचा लगदा झाला असेल."

मी स्वयंपाकघरात धावले. आधण ठेवलं, साखरेचा डबा शोधायला लागले, हाताला चमचाच मिळेना. मागून आई आली. हॉलमधून, टीव्हीसमोरून. मला कोपरानं बाजूला सारून तिनं फ्रिज उघडला, दुधाचं पातेलं बाहेर काढलं आणि त्यावर झाकण नाही म्हणून मला चांगलं फैलावर घेतलं.